वाचकांचे प्रश्न : काचेपलीकडचं पाकट ओळखायचं कसं?

मत्स्यालयात काढलेले पाकटांचे, म्हणजे स्टिंगरेंचे फोटो आणि त्यांच्यासोबत आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत वारंवार येणारे तीन शब्द आधीच सांगतो. पाकटाच्या अंगाचा चपटा, रुंद भाग म्हणजे 'चकती'. शेपटीच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला लांबीनं चिकटलेली कातडीची पट्टी म्हणजे 'झालर'. आणि शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा.

प्रश्न : मोठ्या टाकीच्या तळाशी वाळूत पसरलेलं एक साधं तपकिरी पाकट दिसलं. अंगावर ना ठिपके, ना रेघा. रंगावरून पुस्तकात शोधलं तर दहा-बारा जाती सारख्याच वाटतात. फोटो पाठवत आहे. ही जात कोणती?

उत्तर : रंगापासून सुरुवात केली की असंच होतं. तपकिरी रंग वाळूत लपायला सोयीचा, म्हणून तो एकमेकांशी जवळचं नातं नसलेल्या अनेक पाकटांत आढळतो. शिवाय काही जाती खालच्या वाळूप्रमाणे रंगाची छटा गडद-फिकी करतात. पाकट ओळखताना सुरुवात शेपटीपासून करावी, मग चकतीचा आकार बघावा आणि रंग सगळ्यात शेवटी.

शेपटीत पहिली गोष्ट बघायची ती टोक. टोकाला पानासारखा छोटा शेपटीचा पर असेल, शेपूट आखूड आणि दणकट असेल आणि चकती ताटासारखी गोल असेल, तर ते गोल पाकटांपैकी आहे. अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरची युरोबॅटिस प्रजाती आणि ऑस्ट्रेलियाकडची युरोलोफस प्रजाती ही त्यांची ओळखीची उदाहरणं. युरोबॅटिसमध्ये प्रशांत महासागराच्या बाजूला युरोबॅटिस हॅलेरी आणि कॅरिबियनमध्ये पिवळट नक्षीचं युरोबॅटिस जमैकेन्सिस. दोन्हींची चकती साधारण ३०-३५ सेंटिमीटरच्या आसपास थांबते.

टोकाला पर नसेल आणि शेपूट चाबकासारखी निमुळती होत गेली असेल, तर डॅसियाटिडी कुलाकडे, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या मोठ्या गटाकडे, वळायचं. मत्स्यालयात तळाशी बसलेली बहुतेक पाकटं याच कुलातली असतात. इथे निकाल झालरीवर लागतो. शेपटीच्या खालच्या अंगाला झालर आहे का, असेल तर ती टोकापर्यंत जाते की मध्येच संपते, वरच्या अंगालाही आहे का, हे बघा. झालर अजिबात नसेल आणि शेपूट चकतीच्या रुंदीच्या दुप्पट किंवा त्याहून लांब असेल, तर हिमांतुरा, पॅटिओबॅटिस, मॅक्युलाबॅटिस यांचा गट. साधं, गुलाबीसर तपकिरी आणि फार लांब शेपटीचं असेल तर पॅटिओबॅटिस फाय आधी तपासावं. खाली झेंड्यासारखी खोल, काळी झालर असेल आणि ती टोकाच्या आधीच संपत असेल तर पॅस्टिनॅकस. चकती गोल, अंगावर काळे-करडे डाग आणि झालर टोकापर्यंत गेलेली असेल तर टीनियुरॉप्स. हिंद-प्रशांत भागातलं टीनियुरॉप्स मेयेनी १.८ मीटर रुंदीपर्यंत वाढतं, म्हणून मोठ्या टाक्यांत ते हमखास नजरेत भरतं.

आता तुमचा फोटो. चकती पतंगासारखी चौकोनी आहे आणि बाजूचे कोपरे जवळजवळ काटकोनी आहेत. डोळ्यांच्या पुढे मधोमध एक फिकट ठिपका आहे. शेपटीच्या खालच्या अंगाला झालरीची गडद कड दिसते, वर मात्र झालर नाही, फक्त कातडीचा एक बुटका, लांबट उंचवटा आहे. हे सगळं हायपॅनस अमेरिकॅनसशी जुळतं. पश्चिम अटलांटिक आणि कॅरिबियनमधलं हे पाकट मत्स्यालयांत भरपूर ठेवलं जातं. त्याच किनाऱ्यावरचं हायपॅनस से नाकाकडून अधिक बोथट आणि कोपऱ्यांना गोलसर असतं, शिवाय त्याच्या शेपटीला वर आणि खाली दोन्हीकडे झालर असते. हायपॅनस सबायनसचं नाक पुढे टोकदार निघालेलं असतं आणि ते बरंच लहान राहतं. टाकीच्या पाटीवर पश्चिम अटलांटिकचा उल्लेख असेल तर अमेरिकॅनस हे नाव निर्धास्त लिहा. उल्लेख नसेल तर 'हायपॅनस, बहुधा अमेरिकॅनस' एवढंच लिहावं, कारण इतर समुद्रांतही याच घडणीची पाकटं आहेत.

प्रश्न : त्याच टाकीत याच रंगाची पण निम्म्या आकाराची पाकटंही होती. ती पिल्लं की वेगळी जात?

उत्तर : बहुधा दोन्ही नाही, ते नर असावेत. हायपॅनस अमेरिकॅनसची मादी दीड मीटर रुंदीपर्यंत जाते आणि पूर्ण वाढलेला नर साधारण तिच्या निम्मा असतो. खात्री करायची असेल तर पाकट काचेवर चढेल तेव्हा पोटाची बाजू बघा. शेपटीच्या मुळाशी, मागच्या परांच्या आतल्या कडेला बोटासारखे दोन अवयव दिसले तर तो नर. जीवशास्त्रात त्यांना आलिंगक म्हणतात. ते मागच्या परांच्या बाहेर लांब आणि ताठ आले असतील तर नर वयात आलेला आहे, आखूड आणि मऊ असतील तर अजून लहान आहे.

एक लक्षात असू द्या. पाकटाचं माप नेहमी चकतीच्या रुंदीत सांगतात, एकूण लांबीत नाही. शेपटीची टोकं तुटतात, झिजतात, त्यामुळे लांबीचा आकडा भरवशाचा राहत नाही. तुटक्या शेपटीवरून 'आखूड शेपटीची जात' असा निष्कर्ष काढला जातो तो याच घोटाळ्यातून. अखंड शेपूट टोकाकडे सुतासारखी बारीक होत जाते, तुटलेली बोथटच संपते.

प्रश्न : निळ्या ठिपक्यांचं पाकट दोन मत्स्यालयांत पाहिलं. दोन्हीकडे पाटीवर 'ब्लू-स्पॉटेड स्टिंगरे' असंच लिहिलं होतं, पण दोन्ही प्राणी सारखे दिसत नव्हते. पाटी चुकली आहे का?

उत्तर : पाटी चुकलेली नसेल, नाव अपुरं आहे. हे एकच इंग्रजी नाव दोन वेगळ्या प्रजातींना चिकटलं आहे. तुमच्या दोन फोटोंत त्या दोन्ही आल्या आहेत, हे फार बरं झालं.

पहिल्या फोटोतलं पाकट टीनियुरा लिमा. चकती लांबट गोल, कडा कुठेही कोनदार नाहीत. पिवळसर तपकिरी पाठीवर ठसठशीत, विजेच्या दिव्यासारखे निळे ठिपके. शेपटीच्या दोन्ही बाजूंनी निळ्या पट्ट्या धावतात आणि शेपटीखालची रुंद झालर थेट टोकापर्यंत जाते. डंख मारणारा काटा शेपटीच्या मुळापासून बराच लांब, टोकाच्या बाजूला असतो. डोळे बाहेर आलेले आणि पिवळे असतात. चकती साधारण ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढते.

दुसऱ्या फोटोतलं निओट्रायगॉन प्रजातीचं आहे. इथे चकती पतंगासारखी कोनदार आहे. ठिपके फिकट निळे, बहुतेकदा गडद कडेचे, आणि संख्येनं कमी-जास्त. पण खरी खूण डोळ्यांवर आहे. दोन्ही डोळ्यांवरून आडवा गडद पट्टा जातो, जणू मुखवटा बांधला आहे. शेपटीच्या मागच्या भागावर काळे-पांढरे पट्टे असतात आणि निळी रेघ कुठेही नसते. ठिपके अंधुक झाले, प्रकाश खराब पडला, तरी मुखवटा आणि पट्टेरी शेपूट या दोन खुणा शिल्लक राहतात. म्हणून ठिपके मोजत बसण्याआधी तेच बघा.

आता अवघड भाग. बराच काळ हिंद-प्रशांत भागातली अशी सगळी पाकटं निओट्रायगॉन कुहली या एकाच नावाखाली होती. २०१६ मध्ये त्यांची फोड झाली, अनेक जाती वेगळ्या केल्या गेल्या आणि कुहली हे नाव सॉलोमन बेटांकडच्या जातीपुरतं उरलं. २०१८ मध्ये भारतीय किनाऱ्यावरच्या जातीला निओट्रायगॉन इंडिका हे नाव मिळालं. या जातींमधले फरक ठिपक्यांचा आकार, संख्या, मांडणी आणि मुख्यतः जनुकीय तपासणी यांवर ठरले आहेत. प्राणी कोणत्या समुद्रातून आणला हे माहीत नसताना काचेतून घेतलेल्या फोटोवरून इतका बारीक निर्णय देता येत नाही. पाटीवर 'कुहली' दिसलं तर ते बहुतेक जुनं, व्यापक अर्थाचं नाव आहे असं समजा. आमच्या मते इथे 'निओट्रायगॉन' लिहून थांबणं हेच अचूक उत्तर आहे. पुढचा शब्द अंदाजानं जोडला तर नोंद जास्त नेमकी दिसते, पण खरं तर ती बिघडते.

टीनियुरातही २०१६ पासून दुसरी जात आहे, टीनियुरा लेस्सोनी. तिच्या शेपटीवर निळ्या पट्ट्या नसतात. ती मेलानेशियाकडची आहे आणि मत्स्यालयात क्वचितच भेटेल, तरी शेपटीचा स्वच्छ फोटो घेण्याचं हे आणखी एक कारण.

प्रश्न : बिबट्यासारखी नक्षी असलेलं मोठं पाकट पाहिलं. कुणी त्याला 'हनीकोंब' म्हणतं, कुणी 'लेपर्ड'. फरक काय?

उत्तर : दोन्ही नावं हिमांतुरा प्रजातीतल्या नक्षीदार पाकटांना लावतात, आणि बरेचदा अदलाबदल करून लावतात. सर्वांची शेपूट पट्टेरी, फार लांब आणि झालरीविना असते, त्यामुळे प्रजातीपर्यंत पोचणं सोपं. पुढे जाताना प्रौढ प्राण्याची नक्षी बघायची. हिमांतुरा उआरनाकवर लहान-लहान ठिपके दाटीनं असतात आणि वय वाढेल तसे ते जोडले जाऊन बारीक जाळी होते. हिमांतुरा लिओपार्डावर मोठी, मध्ये पोकळ, तुटक कडेची वलयं असतात, अगदी बिबट्यासारखी. ही जात २००८ मध्येच स्वतंत्र म्हणून वर्णिली गेली, म्हणून त्याआधीच्या पुस्तकांतले बरेच 'उआरनाक' खरे लिओपार्डा आहेत. हिमांतुरा अंडुलाटावर मोठ्या खणांची, मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते.

पिल्लांच्या बाबतीत मात्र हे चालणार नाही. वाढताना ठिपके फुटतात, त्यांची वलयं होतात किंवा ते एकमेकांना मिळून जाळी होते. अर्धा मीटरहून लहान प्राण्यावर पुस्तकातल्या प्रौढाची नक्षी शोधू नका. काही महिन्यांच्या अंतरानं त्याच प्राण्याचे फोटो घेता आले तर नक्षी कोणत्या दिशेला जाते ते कळतं, आणि मत्स्यालयात ही सोय असते. समुद्रात तोच प्राणी पुन्हा भेटणं कठीण.

प्रश्न : तळाशी न बसता पक्ष्यासारखं पंख हलवत सतत पोहणारी पाकटं कोणती? काहींवर पांढरे ठिपके होते, काही साधी तपकिरी होती आणि थव्यानं फिरत होती.

उत्तर : पोहण्याची ढब ही उत्तम खूण आहे. गोल किंवा पतंगी चकतीची तळातली पाकटं कडेवरून लाट फिरवत पुढे सरकतात. तुम्ही पाहिलेली पाकटं टोकदार पंख वर-खाली मारतात. यांचं डोकं चकतीतून वेगळं उठून दिसतं आणि डोळे पाठीवर नसून डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात.

मग समोरून डोकं बघा. कपाळाला मध्ये खाच असून डोकं दोन उशा शेजारी ठेवल्यासारखं दिसत असेल तर ती रायनॉप्टेरा, इंग्रजीत काउनोज. थव्यानं फिरणारी तपकिरी पाकटं हीच. अटलांटिकमधलं रायनॉप्टेरा बोनासस मत्स्यालयांत सर्वाधिक दिसतं, पण हिंद महासागरातल्या आणि प्रशांत महासागरातल्या जाती बाहेरून जवळजवळ तशाच असतात. त्यांच्यात फरक करताना दातांच्या पट्ट्यांच्या रांगा मोजाव्या लागतात, तेव्हा काचेबाहेरून प्रजातीवर समाधान मानावं.

बदकाच्या चोचीसारखं पुढे आलेलं तोंड आणि गडद पाठीवर पांढरे ठिपके किंवा वलयं असतील तर एटोबॅटस. त्याची शेपूट चकतीच्या कितीतरी पट लांब असते. पूर्वी जगभरातल्या अशा सगळ्यांना एटोबॅटस नारिनारी म्हणत. आता ते नाव अटलांटिकपुरतं आहे आणि हिंद-पश्चिम प्रशांत भागातलं एटोबॅटस ऑसेलॅटस. इथेही पाटीवरचा समुद्र महत्त्वाचा. ठिपके नसलेलं, गोलसर नाकाचं आणि खाच नसलेल्या डोक्याचं असेल तर मायलिओबॅटिस.

या सगळ्यांचा काटा शेपटीच्या अगदी मुळाशी, एका छोट्या पाठपराच्या लगेच मागे असतो. तळातल्या पाकटांचा काटा शेपटीवर बराच मागे असतो. शेपूट एकटीच फोटोत आली असेल तरी एवढ्यावरून गट सांगता येतो.

प्रश्न : टच पूलमध्ये मुलांना हात लावू देतात त्या पाकटांना काटाच नव्हता. म्हणजे ती स्टिंगरे नसून स्केट का?

उत्तर : स्केट हा पाकटाचाच चपटा नातेवाईक, पण काटा नाही एवढ्यावरून ठरवू नका. टच पूलमधल्या पाकटांचे काटे कर्मचारी कापून ठेवतात. काटा नखासारखा पुन्हा वाढतो, म्हणून ठरावीक काळानं पुन्हा कापावा लागतो. नैसर्गिकरीत्याही जुना काटा गळतो आणि त्याच्याजवळ नवा येतो. त्यामुळे एकाच प्राण्याला कधी दोन काटे दिसतात, कधी एकही नाही. कापलेल्या काट्याची खूण शोधायची तर शेपटीच्या वरच्या बाजूला छोटा, सपाट टोकाचा खुंट दिसतो का ते बघा. काटा मुळातच नसलेलं पाकटही आहे. युरोजिम्नस ॲस्पेरिमसला शेपटीवर काटा नसतो, पण त्याची जाड, अंडाकृती पाठ खरबरीत काटेरी दाण्यांनी भरलेली असते. टच पूलमध्ये ते नक्कीच नसेल.

स्केट ओळखायचा तर शेपटीचं टोक आणि मागचे पर बघा. स्केटची शेपूट चाबकासारखी नसते, जाडसर असते, तिच्यावर अनेकदा काट्यांची रांग असते आणि टोकाजवळ दोन लहान पाठपर असतात. मागचे पर दोन पाळ्यांत विभागलेले असतात आणि पुढच्या पाळीनं तळाला रेटा देत तो चालल्यासारखा सरकतो. पाकटाचे मागचे पर अखंड, गोलसर असतात. आणखी एक फरक पिल्लांचा. स्केट चिवट चौकोनी पिशवीत अंडी घालतो, तिच्या चार कोपऱ्यांना शिंगं असतात. पाकटं थेट पिल्लांना जन्म देतात. टाकीत किंवा शेजारच्या छोट्या पेटीत अशा पिशव्या मांडल्या असतील तर पूलमध्ये स्केट असण्याचा संभव वाढतो. दोघांना एकाच पूलमध्ये ठेवतात, तेव्हा एकाचं नाव कळलं म्हणून बाकीच्यांना तेच लावू नका.

प्रश्न : काचेवर चढलेल्या पाकटाच्या पोटावर हसरा चेहरा दिसतो. ते डोळे इतके वेगळे का असतात?

उत्तर : ते डोळे नाहीत, नाकपुड्या आहेत. डोळे वरच्या बाजूला असतात. त्यांच्या लगेच मागे असलेली मोठी छिद्रं पाणी आत घेण्यासाठी, म्हणजे वाळूत बसल्यावरही श्वास घेता येतो. खाली नाकपुड्या, तोंड आणि कल्ल्यांच्या पाच जोड्या. हा चेहरा गमतीचा वाटतो, पण पोटाचा फोटो ओळखीसाठीही घ्यावा. जपानकडच्या हेमिट्रायगॉन अकाजेईच्या पांढऱ्या पोटाला नारिंगी कड असते. टेरोप्लॅटिट्रायगॉन व्हायोलॅसिया हे खुल्या समुद्रातलं पाकट पाठीवर आणि पोटावर दोन्हीकडे गडद जांभळं असतं. बहुतेक तळातल्या पाकटांचं पोट पांढरं असताना हा फरक एका नजरेत निर्णय देतो.

प्रश्न : बोगद्यातून काढलेल्या फोटोंत पाकट कधी लांबुळकं, कधी आखूड येतं. रंगही निळा येतो. ओळखीसाठी उपयोगी पडेल असा फोटो कसा काढावा?

उत्तर : बोगद्याचं ॲक्रिलिक एका दिशेनं वाकलेलं असतं. त्या वक्रतेमुळे पलीकडचा प्राणी आडव्या दिशेत आक्रसतो, बोगद्याच्या लांबीच्या दिशेत आक्रसत नाही. म्हणून तेच पाकट बोगद्याला समांतर पोहताना अरुंद दिसतं आणि आडवं वळल्यावर रुंद. चकतीची लांबी-रुंदी हे प्रमाण ओळखीत लागतं, तेव्हा प्रमाणासाठी बोगद्यातला फोटो वापरू नका. पोट, तोंड आणि आलिंगक बघायला मात्र बोगद्यासारखी जागा नाही.

प्रमाणासाठी सपाट काच शोधा आणि भिंगाचं तोंड काचेला जवळजवळ टेकवून सरळ समोर धरा. तिरकं धरलं की पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येणारा प्रकाश वेगवेगळा वाकतो, आकार बिघडतो आणि कडांना रंगीत रेघा येतात. भिंगाला रबराचं टोपण असेल तर ते काचेला चिकटवा, नाहीतर गडद कापडानं भोवतालचा उजेड अडवा. फ्लॅश बंद. त्याचा उजेड काचेवरूनच परत येतो आणि प्राण्यांना त्रास होतो तो वेगळाच. ध्रुवीकरण फिल्टर काढून ठेवा. काचेला सरळ समोरून धरल्यावर त्याचा उपयोग नसतो, तो प्रकाश खातो आणि जाड ॲक्रिलिकमधल्या ताणामुळे इंद्रधनुषी पट्टे आणतो.

तळावर बसलेल्या पाकटाला शटरचा वेग १/६० सेकंद पुरतो, पोहणाऱ्याला १/२५० लागतो. त्यासाठी आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत न्यावा लागला तरी चालेल, दाणेदार फोटोतून झालर दिसते, हललेल्या फोटोतून दिसत नाही. मोबाइल असेल तर सर्वोच्च दर्जाचा व्हिडिओ घ्या आणि पाकट वळताना ज्या क्षणी शेपटीची बाजू सरळ दिसते ते चित्र वेगळं काढा. झालर वरून दिसतच नाही, ती बाजूनंच दिसते.

एका प्राण्याचे निदान चार फोटो हवेत : वरून पूर्ण चकती, शेपटीचा बाजूनं मुळापासून टोकापर्यंत, समोरून डोकं आणि जमल्यास पोट. पाचवा फोटो पाटीचा. निळ्या दिव्याखाली लाल आणि पिवळा रंग मरतो, म्हणून त्याच टाकीतली पांढरी वाळू किंवा एखादा पांढरा पृष्ठभाग चौकटीत येऊ द्या. नंतर रंग दुरुस्त करायला तो आधार मिळतो. आकाराचा अंदाज करताना पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर भासते हे धरून चला. काचेजवळचं पाकट वाटतं त्यापेक्षा लहान असतं.

प्रश्न : पाटीवर 'डॅसियाटिस अमेरिकाना' आणि अलीकडच्या पुस्तकात 'हायपॅनस अमेरिकॅनस'. हे एकच का? आणि शेवट का बदलला?

उत्तर : एकच. २०१६ मध्ये डॅसियाटिडी कुलाची मोठी फेरमांडणी झाली आणि डॅसियाटिस, हिमांतुरा यांसारख्या फुगलेल्या प्रजाती फोडून काही नव्या केल्या, काही जुनी नावं पुन्हा वापरात आणली. पाट्या त्या वेगानं बदलत नाहीत. दुसऱ्या शब्दाचा शेवट बदलतो, कारण लॅटिन व्याकरणात विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे चालतं. मराठीत 'काळी मांजर' आणि 'काळा बोका' होतं तसंच. डॅसियाटिस स्त्रीलिंगी म्हणून अमेरिकाना, हायपॅनस पुल्लिंगी म्हणून अमेरिकॅनस. हिमांतुरा ग्रॅन्युलाटाचं युरोजिम्नस ग्रॅन्युलेटस झालं तेही याच नियमानं. ते पाकट ओळखायला सोपं आहे : गडद पाठीवर पांढरे शिंतोडे आणि काट्यापासून पुढे पूर्ण पांढरी शेपूट. जुन्या नावावरून नवं शोधताना दुसऱ्या शब्दाचं मूळ पकडा, शेवट सोडून द्या.

प्रश्न : गोड्या पाण्याच्या टाकीत काळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचं पाकट होतं. हे कोणतं?

उत्तर : टाकी गोड्या पाण्याची आहे म्हटल्यावर जवळजवळ नक्की दक्षिण अमेरिकेतलं नदीतलं पाकट, पोटॅमोट्रायगॉन प्रजातीचं. गोल चकती, आखूड जाड शेपूट. तपकिरी पाठीवर नारिंगी-पिवळे, काळ्या कडेचे डोळ्यांसारखे ठिपके असते तर पोटॅमोट्रायगॉन मोटोरो म्हटलं असतं. काळ्या-पांढऱ्याला दोन मुख्य उमेदवार आहेत. पोटॅमोट्रायगॉन लिओपोल्डी ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या खोऱ्यातलं, पोटॅमोट्रायगॉन हेनलेई टोकांटिन्स-आरागुआइया खोऱ्यातलं. लिओपोल्डी अधिक काळंभोर असतं, हेनलेई तपकिरीकडे झुकतं आणि त्याचे ठिपके कडेपर्यंत दाट जातात.

पण नदीत ही दोन खोरी वेगळी आहेत, पैदास केंद्रांत नाहीत. तिथे या जातींचे संकर मुद्दाम केले जातात आणि मोठ्या, एकसारख्या ठिपक्यांसाठी पिढ्यानपिढ्या निवडही होते. ठिपक्यांच्या आकारावरून नाव देणं अशा प्राण्यांत फसतं. टाकीची देखभाल करणाऱ्यांना 'हे पैदास केलेलं की नदीतून आणलेलं' एवढंच विचारा. पैदास केलेलं असेल तर नोंदीत 'पोटॅमोट्रायगॉन, संकर असू शकतो' असं लिहा.

प्रश्न : पुढचा भाग पाकटासारखा आणि मागचा मुशीसारखा असलेला मोठा मासा कशात मोडतो?

उत्तर : तो स्टिंगरे नाही. गिटारफिश किंवा वेजफिश गटातला आहे. कल्ल्यांच्या चिरा खालच्या बाजूला आहेत म्हणून तो मुशी (शार्क) नाही, रे आहे, म्हणजे पाकट आणि स्केट ज्या मोठ्या गटात येतात त्यातला. शेपूट मात्र जाड, तिच्यावर दोन मोठे उभे पाठपर आणि टोकाला मुशीसारखा पर. काटा नसतोच. डोकं पुढे टोकदार असेल तर रिंकोबॅटस, रुंद आणि गोल असून पाठीवर जाड काटेरी कंगोरे असतील तर रायना. फोटोत डोक्याचं टोक झाकलं गेलं आहे. पुढच्या वेळी ते तेवढं समोरून आणि वरून घ्या.